धुऊन परत आणलेला बेल्ट

आमच्या स्टोअरच्या खिडकीवर माणूस नवं मागायला येतो आणि जुनंच घालून कामाला जातो. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी म्हणून लागले, तेव्हा सगळ्यांत आधी हे कोडं पडलं. नवे हातमोजे दिले की ते खिशात जात. नवा गॉगल दिला की डब्याच्या पिशवीत. हातात मात्र तेच बोटं फाटलेले, आम्लाने पिवळे पडलेले मोजे.

एका वयस्कर कामगाराला मी विचारलं, "काका, परवा दिलेले मोजे कुठे गेले?"

"हायत ना म्याडम. ठेवलेत."

"कशासाठी?"

"अवो, नवे हायत ते. रोज घातले तर खराब नाय का व्हनार?"

हसू नका. तुमच्याही कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेली चादर असेल, आणि पाहुणे आले तरी ती निघत नसेल. नवी वस्तू जपायची, जुनी वापरायची, हा संस्कार इकडच्या प्रत्येक घरात आहे. घरात तो शोभतो. पण आमच्याकडे वायू गाळणाऱ्या मास्कला एक डबी बसवतात. तिचं पाकीट फोडलं की ती हवेतलं काहीबाही शोषायला लागते, मग तुम्ही ती नाकाला लावा किंवा बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत ट्रंकेत ठेवा. जपून ठेवलेली डबी माणूस मोठ्या विश्वासाने बाहेर काढतो, तेव्हा ती मेलेली असते. तिचा रंग बदलत नाही, हाताला वजन वेगळं लागत नाही. फक्त ती काम करत नाही.

माझ्या नोकरीत खरी भीती या गोष्टीची असते. फाटलेल्या मोज्याची मला भीती वाटत नाही, फाटलेला मोजा दिसतो. भीती वाटते ती चांगल्या दिसणाऱ्या वस्तूची.

आता हे काम काय असतं ते सांगते. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, हाताला मोजे, पायाला पोलादी टोकाचे बूट, नाकाला मास्क, उंचीवर चढणाऱ्याला बेल्ट. कोणत्या कामाला काय लागतं ते ठरवायचं, ते आणून घ्यायचं, वापरायला शिकवायचं, तपासायचं आणि वेळ आली की बाद करायचं. कायदा सांगतो की ही साधनं मालकाने कामगाराला फुकट द्यायची आणि कामगाराने ती नीट वापरायची. या दोन वाक्यांमध्ये जी जागा आहे, तिथे माझी खुर्ची आहे.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच कारखान्याच्या भिंतीवरच्या पोस्टरवर नसते. हेल्मेट हा सुरक्षेचा पहिला उपाय नव्हे, शेवटचा आहे. आधी धोका काढून टाकायचा. तो निघत नसेल तर त्याला भिंत घालायची, झाकण घालायचं, पंखा लावायचा. हे सगळं करून जे उरतं, त्याच्यासाठी हेल्मेट. पण झाकणाला खर्च येतो, यंत्र थांबवावं लागतं. म्हणून वाफेला झाकण न घालता माणसाच्या नाकाला घालतात, आणि वर फलक लावतात: तुमची सुरक्षा तुमच्या हाती. मला या फलकाचा राग येतो. कामावर लागल्यापासून येतो, आणि तो कमी झालेला नाही.

हा राग घरचा आहे. माझे वडील महाडात एका छापखान्यात कामाला होते. सभा, मोर्चे, संप, धरणं, सगळ्यांची पत्रकं त्यांच्या हातून जायची, आणि शाई लागून वाया गेलेले कागद आमच्या घरी यायचे. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. पत्रकात जागा थोडी असते. अन्याय काय ते सांगा, मागणी काय ते सांगा, थांबा. चवदार तळ्याच्या गावात वाढलेल्या मुलीला हक्क म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही, पण तो थोडक्यात कसा मागायचा हे मला त्या कागदांनी शिकवलं. आमचे मॅनेजर साहेब माझा कुठलाही अहवाल हातात घेऊन एकच म्हणतात, "मॅडम, हा रिपोर्ट आहे की पत्रक?" मी म्हणते, "वाचा तरी."

तर बेल्टची गोष्ट.

बेल्ट म्हणजे कमरेचा पट्टा नव्हे. खांदे, छाती आणि मांड्या यांना वेढणारे रुंद पट्टे असतात आणि पाठीवर एक पोलादी कडी. कडीला दोर जोडायचा, दोराचं टोक वर कुठेतरी भक्कम जागी अडकवायचं. माणूस घसरला तर जमिनीवर न पडता त्या पट्ट्यांत लोंबकळतो. इंग्रजीत त्याला वेगळं नाव आहे, पण कारखान्यात सगळे बेल्टच म्हणतात.

ऐन पावसाळ्यात एका रात्रीच्या वाऱ्याने आमच्या गोदामाचा पत्रा उचकटला. त्या गोदामात पाण्याशी मुळीच न जमणारा माल होता. वरून धार लागली होती, खाली ताडपत्र्या टाकून माल झाकला होता, आणि मॅनेजर साहेब दर थोड्या वेळाने फोन करून विचारत होते, "चढले का? चढले का?" पाऊस जरा उघडला तसं मी काम सुरू करायचं ठरवलं. वर जाणार होता सुनील, आमचा फिटर, बिरवाडीचा. हात चांगला आणि तोंड त्याहून चालू. खालून पत्रे सरकवायला आणि दोर धरायला माणसं कमी पडली म्हणून माल चढवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांतून कोंडिबाला बोलावलं होतं.

कोंडिबा पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीचा. घाटाच्या रस्त्यावर उतरून पायवाटेने चढत जायचं, मग चार घरं लागतात, गुरं लागतात, आणि पुढे कडा. आठवडाभर तो बिरवाडीत वाडीतल्याच दोघांबरोबर खोली करून राहायचा आणि सुट्टीला वर जायचा. बोलायचा कमी. मला त्याचं नावही त्या दिवसापर्यंत नीट माहीत नव्हतं.

उंचीवरचं काम सुरू होण्याआधी सगळ्यांना उभं करून धोका समजावून सांगायचा, असा नियम आहे. मी उभी राहिले. स्टोअरचे पवारमामा बेल्ट घेऊन आले. बाकीचे नेहमीसारखे, ग्रीसचे डाग पडलेले, मळके. एक मात्र नारंगी लखलखीत.

"मामा, ह्यो काय लग्नाला जाऊन आला का?" सुनील म्हणाला.

"माझ्या स्टोअरमधली वस्तू अशीच असते. तुझ्या तोंडासारखी नसते," पवारमामा म्हणाले. खरं तर तो कुणी धुतला हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण श्रेय कोण सोडतो?

मी बेल्ट हातात घेतला. शिवण पाहिली, बकल पाहिलं, कडी पाहिली. शिवण जागेवर होती. पट्टा थोडा ताठ लागला, धुतलेलं कापड लागतं तसा. त्याला धुराचा वास होता. पण पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यांच्याच कपड्यांना चुलीचा वास असतो, माझ्या ओढणीलाही असतो. मी तो बेल्ट उंच धरला आणि सगळ्यांना म्हटलं, "बघा, असा ठेवायचा."

मग नेहमीचं बोलले. ओल्या पत्र्यावर पाय कुठे द्यायचा, हूक कुठे अडकवायचा. आणि शेवटी म्हटलं, "लक्षात ठेवा, ज्या बेल्टने पडणाऱ्या माणसाला एकदा झेललं, तो बेल्ट बाद. कितीही चांगला दिसू दे. आतले धागे ताणलेले असतात, वरून कळत नाही. आणि ज्याला आच लागली तोही बाद."

सुनीलने तो नारंगी बेल्ट चढवला, बकलं आवळली, आणि शिडीवर पाय ठेवला.

"म्याडम."

कोंडिबा होता. दोर हातात घेऊन उभा.

"बोला."

"त्यो बेल्ट काढा."

"का?"

सुनील शिडीवरूनच म्हणाला, "काय रे, तुला पायजे का? ये, तूच चढ. मी दोर धरतो."

"सुनील, खाली ये." कोंडिबाने हातातला दोर सोडून शिडी धरली. "तुला आयची शपथ हाय. खाली ये रे."

"अरे, पन झालं काय?"

"त्यानं मानूस झेललाय."

सुनील खाली उतरला. आणि कोंडिबाने तिथेच, सगळ्यांसमोर, पत्र्यावरून थेंब टपकत असताना सांगितलं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी त्याला वाडीवरून फोन आला होता. त्यांची गाभण म्हैस चरताना घसरून कड्याच्या खालच्या टप्प्यावर अडकली होती. मागे कडा, पुढे दरी. ती वर येऊ शकत नव्हती आणि पाऊस थांबत नव्हता. तिच्या पाठीला दोर बांधायला कुणीतरी खाली उतरायला हवं होतं. कोंडिबाने स्टोअरसमोरच्या खुंटीवरचा बेल्ट उचलला, अंगात चढवला, वरून रेनकोट घातला आणि गेटमधून बाहेर पडला. गेटवर पिशवी तपासतात. रेनकोटच्या आत कोण बघतो?

"माजा धाकटा भाऊ उतरला," तो म्हणाला. "आमी वरून धरला व्हता. दरडीची कड सुटली. त्यो खाली ग्येला तो एकदम ग्येला. मंग बेल्टानं धरला. मला वाटलं व्हतं संपला."

"आणि म्हैस?" सुनीलने विचारलं. त्याही क्षणी त्याला ते विचारावंसं वाटलं, कारण तोही शेतकऱ्याचाच मुलगा.

"आली वर. दुसऱ्या दिवशी. वाडीतले सगळे आले व्हते."

"आणि बेल्ट?" मी विचारलं.

"चिखलानं भरला व्हता. रगत लागल्यालं. आमच्यात उसनं आनल्यालं असं परत देत नायत, म्याडम. भांडं आनलं तर घासून द्यायचं. बायकोनं कढत पानी केलं, सोडा टाकला, घासला, आन चुलीवरच्या माळ्याला टांगला वाळायला. दोन रात्री. मी आनून खुंटीला लावला." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी आज सांगितलं तवा कळलं."

आता तुम्हीच पाहा. पडणाऱ्या माणसाचा झटका, कढत पाणी, सोडा, चुलीची आच. बेल्टचा घात करणाऱ्या जवळपास सगळ्या गोष्टी त्या घराने एकेक करून केल्या होत्या, आणि त्यातली प्रत्येक प्रामाणिकपणाने केली होती. चोराने तो बेल्ट मळका परत आणला असता, किंवा आणलाच नसता. स्टोअरमधला सगळ्यांत स्वच्छ बेल्ट सगळ्यांत घातक होता, कारण तो भल्या माणसांच्या हातून आला होता.

कोंडिबाने विचारलं, "मी मागितला असता तर तुमी दिला असता का?"

मी म्हटलं, "नाही."

हे उत्तर मी आजही बदलू शकत नाही. कारखान्याची वस्तू गेटबाहेर जात नाही, हा नियम आहे, आणि नियमाला कारण आहे. पण उत्तर देताना मला माझा आवाज आवडला नाही.

मी काम थांबवलं. मॅनेजर साहेब खाली आले, भिजलेल्या मालाकडे बघून तापलेले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरळ चोरी आहे. ठेकेदाराला सांगा, उद्यापासून ह्याला गेट बंद."

"त्याने स्वतः सांगितलं, साहेब. तो गप्प बसला असता तर सुनील आत्ता वर असता."

"आज ह्याला सोडलं तर उद्या अर्धं स्टोअर वाड्यांवर जाईल. गमबूट शेतात, हेल्मेट मोटारसायकलवर. तुम्हालाच शोधत फिरावं लागेल."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. पण मी म्हटलं, "आज ह्याला काढलंत तर उद्या दुसरा कुणीतरी असाच बेल्ट टांगेल आणि तोंड उघडणार नाही. मग मला कसं कळणार?"

"बेल्ट तर धड दिसतोय. कशावरून खराब आहे?"

याचं उत्तर शब्दांनी देण्यासारखं नव्हतं. मी दोन पोरांना वाळूचं पोतं भरायला सांगितलं, साधारण माणसाच्या वजनाचं. बेल्ट पोत्याला माणसाला घालतात तसा घातला. माल चढवायच्या उंच ओट्यावरच्या तुळईला दोर बांधला, खाली सगळ्यांना लांब उभं केलं, आणि पोतं ढकलायला लावलं. पुस्तकात अशी चाचणी अशा रीतीने करायला सांगितलेली नाही. मी केली.

पोतं गेलं. दोर ताणला. क्षणभर ते लटकलं, आणि मला खरंच वाटलं की धरलं. मग मांडीच्या पट्ट्याजवळ जाड कापड फाटावं तसा आवाज झाला आणि पोतं तिरकं होऊन खाली आलं. फुटलं. वाळू ओल्या सिमेंटवर पसरली.

मॅनेजर साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. सुनील, ज्याचं तोंड मी कधी बंद पाहिलं नव्हतं, तो कोंडिबाजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल रे. चहा पिऊ."

त्या दिवशी दुसऱ्या बेल्टवर काम झालं. पत्रा बसला.

पुढचं मी गोड करून सांगणार नाही. कोंडिबाची नोकरी राहिली, पण काही दिवस त्याला घरी बसवलं, आणि त्यावर मी भांडले तरी ते बदललं नाही. मी अहवाल लिहिला. त्यात कारण या शीर्षकाखाली "कामगाराचा निष्काळजीपणा" लिहायचा रिवाज आहे. मी लिहिलं, की उंचीवर चढणाऱ्यांना बेल्टची माहिती दिली जाते, माल उचलणाऱ्यांना दिली जात नाही, कारण ते ठेकेदाराचे. कोंडिबा या कारखान्यात इतका काळ राबला आणि बेल्ट कशाने मरतो हे त्याला पहिल्यांदा त्या सकाळी ऐकायला मिळालं, तेही माणसं कमी पडली म्हणून. साहेबांनी विचारलं, "रिपोर्ट की पत्रक?" या वेळी मी म्हटलं, "पत्रकच समजा. खाली मागणी आहे, ती वाचा."

मागण्या दोन होत्या. पहिली, कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हे शिकवायचं, मग तो कुणाचाही माणूस असो. ती मान्य झाली. दुसरी, कड्याकडेच्या वाड्यांना कारखान्यांनी मिळून चांगले दोर आणि बेल्ट द्यावेत आणि वापरायला शिकवावेत, कारण दरडी आमच्या गेटला विचारून सुटत नाहीत. ती अजून पडून आहे. दर बैठकीत मी ती काढते आणि दर बैठकीत चहा येतो.

बाद झालेला बेल्ट नुसता भंगारात टाकत नाहीत. तो कापायचा असतो, म्हणजे पुन्हा कुणी उचलून घालणार नाही. कोंडिबा कामावर परत आला त्या दिवसापर्यंत मी तो बेल्ट कपाटात कुलपात ठेवला होता. त्याला बोलावलं आणि सुरी दिली.

"तुम्हीच कापा," मी म्हटलं.

त्याने बेल्ट टेबलावर पसरला. फाटलेला पट्टा बोटांनी सरळ केला. मग वाकून कपाळ टेकवलं, आणि कापायला घेतलं. पवारमामा दारात उभे होते. ते आत आले नाहीत.

सगळे पट्टे कापून झाल्यावर मागे पाठीवरची कडी राहिली. त्याने ती तळहातावर घेतली.

"ही मला द्याल का?"

"कशाला? दाव्याला लावायला? ते चालणार नाही, कोंडिबा. तिनेही झटका खाल्लाय. तिच्यावर काहीच टांगायचं नाही."

"दाव्याला नाय ओ. देवाला. वाडीत आमच्या देवळात नवसाच्या घंटा बांधल्यात. त्यांच्यात बांधीन. भाऊ माजा तिच्यानंच वर आला."

भंगारही गेटबाहेर न्यायचं असेल तर पास लागतो. मी पास लिहिला: पोलादी कडी, एक नग, निकामी. सही केली. त्याच्याबरोबर गेटपर्यंत गेले.

वॉचमनने पास उलटासुलटा करून पाहिला. "मॅडम, ही कडी परत येणार का नाही? इथं तसं लिहावं लागतं."

मी बोलायच्या आत कोंडिबा म्हणाला, "नाय. ही परत आनायची नाय."

वॉचमनने तसं लिहिलं. पाऊस होता, कोंडिबाने रेनकोट घातला होता, त्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कडी मात्र त्याने बाहेर, उघड्या हातात धरली होती. तशीच धरून तो गेटमधून गेला.